ताई, तुझी पांढरी तीन

ताई,

रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी भरल्या विहारात स्पीकरची वायर उपटली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अगं, बटण असतं त्याला." बटण मला दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी मी वायरच उपटली असती. तेव्हापासून तुझे मोठे दीर माझ्याशी बोलत नाहीत. दाजी बोलतात, पण स्वतःच्या नवऱ्याला तू ओळखतेसच, ते हवापाण्यावर बोलतात. विहाराच्या पायऱ्यांवर चर्चा आहे की धाकटी डॉक्टर झाली, सदाशिव पेठेत लॅब टाकून बसली आणि तिचं डोकं फिरलं. फिरलंय. त्यात खोटं काही नाही.

स्पीकरवर तू गात होतीस. निदान तुझे दीर तसं म्हणत होते. त्यांच्या मोबाइलमध्ये जपून ठेवलेलं जुनं रेकॉर्डिंग होतं, तू आजारी पडायच्या आधीच्या एका बुद्धपौर्णिमेचं. पातळ, गोड, उंच आवाज. समोर पांढऱ्या कपड्यांतली माणसं, मेणबत्त्या, हार घातलेला तुझा फोटो. तुझ्या दिरांनी, म्हणजे दादांनी, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "गेली काही वर्षं आपण विशाखाला ज्या आवाजात ऐकलं, तो आजाराचा आवाज होता. आज निरोप देताना तिचा खरा आवाज ऐकू या." लोकांनी माना डोलावल्या. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. खरा म्हणे! मग इतकी वर्षं तू ज्या आवाजात बोललीस, भांडलीस, हसलीस, दर रविवारी वंदना घेतलीस, तो काय भाड्याने आणला होता?

म्हणून हे लिहिते आहे. तुला यातलं सगळं माहीत आहे. पण तुझ्या नावाने लिहिलं तर बाकीचे निदान वाचतील, मी नुसती बोलायला लागले की त्यांना कामं आठवतात.

सुरुवात बाबांच्या पेटीपासून करायला हवी. आपले बाबा कारखान्यातून निवृत्त झाले, पेटीतून नाही झाले. तरुणपणी गायनपार्टीत पेटी वाजवायचे, आणि पुढे आपल्या दांडेकर पुलाजवळच्या दोन खोल्यांत त्यांची पार्टी म्हणजे आपण दोघी. त्यातही माझी रवानगी त्यांनी लवकर केली. "तू शीक, डॉक्टर हो, पण गाऊ नकोस," असं एका बापाने पोटच्या मुलीला सांगितलं होतं, हे मी अजून सगळ्यांना सांगते. तू मात्र काळी पाचची. पेटीवर प्रत्येकाची पट्टी ठरलेली असते, जिथून त्याचा सा सुरू होतो ती. तू तोंड उघडायच्या आधीच बाबांचं बोट काळी पाचवर जाऊन बसलेलं असायचं. लग्न होऊन तू पुलाच्या पलीकडे गेलीस, तरी दर शनिवारी संध्याकाळी येऊन पेटीशेजारी बसायचीस. शनिवारी सराव आणि रविवारी विहारात वंदना. वंदनेला पेटी लागत नाही, पण पट्टी लागतेच. घेणारा ज्या पट्टीत सुरू करतो त्यात सगळे जातात, आणि आपल्या विहारात सगळे तुझ्या मागे जायचे.

मग तुझी पाळी थांबली. वय पस्तिशीच्या आत-बाहेर. हनुवटीवर केस यायला लागले, नुसती लव नाही, चांगले राठ. कपाळावर मुरमं आली, कानशिलाजवळचे केस विरळ झाले. पार्लरवाली म्हणाली, हार्मोनल असतं, लेझर करून टाका. एक डॉक्टर म्हणाले, पीसीओडी आहे, हल्ली सगळ्यांनाच असतं, वजन कमी करा, सकाळी चालायला जा. तू गेलीस. रोज पहाटे पर्वती चढलीस. चार किलो कमी केलेस आणि मला फोन करून म्हणालीस, "वजन घाबरलं गं, पण दाढी काही पर्वतीला घाबरली नाही." मी हसले. मीही तेच समजत होते, कारण तुझी फाइल बघून कोणालाही आधी तेच वाटलं असतं. शिवाय तू घसा बसला म्हणायचीस आणि आई असल्यापासून आपल्या घरात घसा बसला की ज्येष्ठमध तोंडात ठेवतात. तो तू वर्षभर चघळलास.

दिवाळीच्या आधीचा तो शनिवार तुला आठवत असेल. मी कधी नव्हे ती सरावाच्या वेळेला आले होते. तू ओट्यापाशी पाणी पीत होतीस आणि बाबांचं बोट तुझ्यासाठी पेटीवर जाऊन बसलं होतं. मला गाता येत नाही, पण पट्ट्या मोजता येतात.

मी म्हटलं, "बाबा, ताई काळी पाचची ना?"

"होती," बाबा म्हणाले, वर न बघता. "बुद्धपौर्णिमेला तिला ओढायला लागलं, तेव्हा पांढरी सहा घेतली. वर्षावासात काळी चार. धम्मचक्र दिनाला काळी तीन. आता पांढरी तीन बरी पडते तिला."

"आणि हे तुम्ही कोणाला बोलला नाहीत?"

"बोलायचं काय त्यात? पोरीला त्रास होतोय तर पेटी खाली घ्यायची. पेटी काय, कुठेही वाजते."

ही आपल्या घरचीच चूक, ताई. दुसऱ्या कुठल्या घरात बाप म्हणाला असता, बेसूर होतेयस, रियाज कमी पडतोय. आपल्या बाबांनी मायेने तुला सांभाळून घेतलं, इतकं अलगद की तुला स्वतःलाही कळलं नाही तू किती खाली आलीस. मी मात्र तिथेच बोटांवर पट्ट्या परत मोजल्या. पीसीओडी अशी येत नाही. ती वयात येताना येते आणि वर्षानुवर्षं रेंगाळते, आणि तिच्यात आवाज एका वर्षात काळ्या-पांढऱ्या मिळून सहा पट्ट्या उतरत नाही. जे एवढ्या घाईने येतं ते कुठेतरी तयार होत असतं, आणि ते तयार करणारी जागा शोधावी लागते. दुसऱ्या दिवशी मी तुझं रक्त काढलं. टेस्टोस्टेरॉनचा आकडा धडधाकट पुरुषाला शोभेल असा आला. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर मोसंब्याएवढी गाठ, काही भरीव, काही पाण्याची.

बाबा दोन दिवस पेटीला शिवले नाहीत. म्हणाले, "मी खाली घेतली नसती तर तिला आधीच कळलं असतं." त्यावर तू जे म्हणालीस त्यासाठी मी तुझी जन्माची ऋणी आहे. तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही एकेक पट्टी मोजून खाली घेतलीत म्हणून तर कळलं. डॉक्टरांनी नुसतं वजन मोजलं." मग तू झाकण उघडून त्यांचं बोट धरून पेटीवर ठेवलंस. त्या घरात आजारी कोण आणि धीर देणारं कोण, याचा पत्ता तू कधीच लागू दिला नाहीस.

ऑपरेशनमध्ये डावं अंडाशय आणि नळी काढली. काढताना गाठ फुटली. ती सर्जनची चूक नव्हती, ती फुटायच्याच बेताला आली होती, पण फुटली की आतलं पोटात सांडतं आणि पुढचं गणित बदलतं. घरच्या माणसाचा रिपोर्ट आपण करायचा नाही हा माझ्या धंद्यातला नियम आहे. तुझ्या गाठीच्या कापांच्या काचा मी माझ्या जुन्या मॅडमकडे दिल्या. त्यांचा सूक्ष्मदर्शक दोघांना एकदम बघता येईल असा आहे. त्या एका बाजूला, मी दुसऱ्या. त्या काच कोपऱ्या-कोपऱ्याने सरकवत गेल्या आणि म्हणाल्या, "मी नोकरीला लागल्यापासून असे मोजकेच बघितलेत." सर्टोली-लायडिग सेल ट्यूमर. अंडाशयाच्या गाठींमधली अगदी विरळा. पुस्तकात ती सगळ्यांनी वाचलेली असते, प्रत्यक्षात फार कोणी पाहिलेली नसते.

मी घरी येऊन सांगितलं, तर तू म्हणालीस, "मला बघायचीय." मी म्हटलं, तुला काय कळणार त्यात. तू म्हणालीस, "माझ्या पोटातली गाठ तुम्ही दोघी बघून आलात आणि मी बघायची नाही?" टाके अजून ओले होते. रिक्षाने सदाशिव पेठेत आलीस, लॅबचा जिना एकेक पायरी चढलीस, मधल्या मजल्यावरच्या क्लासच्या पोरांना बाजूला सारत. मी तुला माझ्या स्टुलावर बसवलं आणि मॅडमकडून परत आणलेली काच लावली.

तू डोळा लावलास. थोड्या वेळाने म्हणालीस, "छान दिसतंय की गं." मला रडावं की हसावं कळेना. मग आलटूनपालटून डोळा लावत मी तुला दाखवत गेले. रंग आम्ही देतो, तो गुलाबी आणि जांभळा. या ज्या पोकळ नळ्या दिसतात, कडेने पेशी ओळीत उभ्या आहेत, त्या सर्टोली पेशी. खरं तर त्या पुरुषाच्या वृषणात असतात. इथे या कोपऱ्यात नळ्याबिळ्या काही नाहीत, नुसत्या लांबट पेशींची खेचाखेच आहे आणि बऱ्याच पेशी दोनाच्या चार व्हायच्या घाईत आहेत. हा भाग वाईट. गाठ किती बिघडलेली आहे ते यावरून ठरतं, आणि तुझी बरीच बिघडलेली आहे. तुला मी काही लपवलं नाही. तू लपवू दिलं नसतंस.

"पण पुरुषाचं माझ्या पोटात आलं कुठून?" तू विचारलंस.

मी सांगितलं की कुठून आलं नाही. गर्भ पोटात असतो तेव्हा सुरुवातीला मुलगा-मुलगी दोघांचं एकच असतं. त्याच मांसातून पुढे कोणाचं अंडाशय होतं, कोणाचं वृषण. तुझ्या गाठीने इतक्या वर्षांनी दुसरी वाट धरली, एवढंच.

तू डोळा काढून माझ्याकडे बघितलंस. "म्हणजे मुळात कोणाचंच काही ठरलेलं नसतं. बघ, आणि लोक जन्माच्या आधीपासून ठरवून बसतात." तुझ्यातली शनिवारी तावातावाने भांडणारी ताई टाक्यांसकट शाबूत होती. मग तू परत वाकलीस आणि तो प्रश्न विचारलास, जो मला आजवर एकाही विद्यार्थ्याने, एकाही सर्जनने विचारलेला नाही.

"यातला आवाज कुठला?"

मी काच सरकवली. नळ्यांच्या मधल्या फटीत चार-सहा, चार-सहाच्या घोळक्याने बसलेल्या गुबगुबीत गुलाबी पेशी. लायडिग पेशी. तुझ्या रक्तात टेस्टोस्टेरॉन ओतत होत्या त्या याच. मी भिंगातला बाण त्यांच्यावर आणला आणि म्हटलं, "हा."

"एवढासा?" तू म्हणालीस.

जिना उतरताना तू आणखी एक विषय काढलास. या गाठीच्या मागे कधी कधी घराण्यातून आलेला दोष असतो, असं मी बोलून गेले होते. माझी तपासणी राहू दे, आधी तुझी करून घे, म्हणून तू माझ्या मागे लागलीस. माझ्यात दोष नाही असं आलं तेव्हा तू फोनवर म्हणालीस, "तुझं नाही ना? मग बास." आणि फोन ठेवलास. मी मॅडमसमोर हमसून रडले, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

मग केमोची औषधं. डोक्यावरचे केस गेले, हनुवटीवरचेही गेले. तू म्हणालीस, "ज्यांना घालवायचं होतं ते गेले, पण बाकीच्यांनी त्यांना सोबत कशाला करायची?" रक्तातला आकडा खाली आला, पाळी परत आली, चेहरा स्वच्छ झाला, आणि सगळी वस्ती आवाजाची वाट बघायला लागली. आवाज आला नाही. मला ठाऊक होतं की येणार नाही. एकदा स्वरतंतू जाड झाले की गाठ काढली तरी ते तसेच राहतात. केस परत फिरतात, आवाज फिरत नाही.

तुझं काम पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींच्या टेबलावर. म्हणजे दिवसभर फोन. एकदा मी तुझ्याकडे डबा घेऊन आले होते तेव्हा ऐकलं. पलीकडचा माणूस एवढ्या जोरात बोलत होता की स्पीकरची गरज नव्हती.

"साहेब, गुरुवारचं बंद पाणी शनिवार आला तरी नाही. काय धरण उपसून ठेवलंय का?"

"धरण खडकवासल्याला आहे, माझ्या टेबलाखाली नाही. तुमचा भाग सांगा."

"साहेब, तुम्ही त्या मॅडमना फोन द्या ना. त्या नीट बोलायच्या."

"त्या मॅडम मीच. आणि नीट मी तेव्हाही बोलत नव्हते."

मंडईत तर तू मजाच करायचीस. भाजीवाला खाली बघून माप घालत असताना तू मागून विचारायचीस, मेथी कशी दिली. तो म्हणायचा, घ्या की दादा. मग वर बघायचा आणि त्याचा चेहरा पडायचा. तू शांतपणे म्हणायचीस, "आता दादा म्हणालास, तर दादाला देतोस तशी ताजी दे." तो बिचारा एक जुडी जास्तच टाकायचा. मी लाजेने बाजूच्या लिंबांकडे बघत उभी असायचे. तू कधी लाजली नाहीस. निदान माझ्यासमोर नाही.

विहारात सोपं गेलं नाही. पहिल्या रविवारी तू वंदना सुरू केलीस, पांढरी तीनवर, आणि बायकांच्या रांगा गप्प झाल्या. नुसते पुरुष म्हणत होते. शेवटी शेवंताकाकू उठल्या. आई गेल्यापासून त्यांनी आपल्याला पोटच्यासारखं बघितलं, म्हणून त्यांचं जास्त लागलं. म्हणाल्या, "विशाखा, रागावू नको बाळा. पण बायकांना एवढ्या खाली जमत नाही. बरं वाटेपर्यंत दुसरं कोणीतरी घेईल की वंदना."

तू म्हणालीस, "काकू, मला बरं वाटलंय. आता एवढीच आहे मी."

"अगं, पण बायकांचा आवाज कसा..."

"वंदनेला बाईचा आवाज लागतो की पुरुषाचा? कुठं सांगितलंय तसं? असेल तर दाखवा, मी बसते मागे."

काकूंनी पदर सावरला. त्या बसल्या, तोंड एवढंसं करून. पुढच्या रविवारी तू परत पांढरी तीनवर सुरू केलीस. त्याच्या पुढच्या रविवारी परत. कोणी आलं नाही तर तू एकटी पुरुषांच्या सोबतीने पूर्ण करायचीस आणि शेवटी सगळ्यांकडे बघून हसायचीस. वर्ष गेलं, कधी काकू खालच्या सुरात शिरल्या ते त्यांनाही कळलं नसेल. त्यांच्या मागून बाकीच्या. त्यावर कोणी चर्चा केली नाही, आणि तूही टोमणा मारला नाहीस. टोमणे तू माझ्यासाठी राखून ठेवायचीस.

आपलं भांडण त्याच वर्षातलं. मी घशाच्या एका सर्जनची माहिती काढून आणली होती. स्वरतंतू ताणून बसवतात, आवाज थोडा वर येतो. मी म्हटलं, विचारून तरी बघू. तू म्हणालीस, नको. मी चिडले. मी म्हटलं, "ताई, हा तुझा आवाज नाहीये. हा गाठीचा आवाज आहे."

तू ताट बाजूला सारलंस. "गाठ काढली की नाही? बाटलीत घालून तुझ्या लॅबला दिली की नाही? मग जे राहिलं ते माझं."

आठवडाभर तू माझा फोन उचलला नाहीस. नंतर उचललास तेव्हा विषय पाण्याच्या टाकीचा काढलास, आणि तो वाद तसाच राहिला. आज मान्य करते, त्या वादात तू जिंकलीस. माझं वैद्यकशास्त्र बरोबर होतं, पण ज्याबद्दल बोलत होतो ती वस्तू माझी नव्हती.

दोन वर्षं बरी गेली. मग एका रविवारी सकाळी बाबांचा फोन आला. मी लॅब उघडत होते. बाबा म्हणाले, "काल ती पांढरी तीनवर थांबत नव्हती. सारखी खाली घसरत होती." एवढंच. मी तिथेच किल्ली हातात धरून उभी राहिले. रक्ताच्या रिपोर्टने नंतर जे सांगितलं, ते बाबांच्या कानाने आधी सांगितलं होतं. पोटात दोन-तीन ठिकाणी परत आलं होतं. ही गाठ परत येते तेव्हा बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांतच येते, हे मला पाठ होतं.

पुढच्या शनिवारी बाबांनी सवयीने बोट एक पट्टी खाली नेलं. तू त्यांच्या हातावर हात ठेवलास. "नाही बाबा. आता पेटी खाली नाही घ्यायची. गाठीला जायचं तिकडे जाऊ दे, मी पांढरी तीनच म्हणणार." आणि म्हटलंस. मानेच्या शिरा ताणून, मध्ये मध्ये श्वास तुटत, पण पांढरी तीनवर. बाबांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि भाता चालू होता.

आणि मग आपलं दुसरं भांडण, ज्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही. दुसरी औषधं तू दोनदा घेतलीस आणि थांबवलीस. मी विनवलं, ओरडले, कागद दाखवले. तू म्हणालीस, "पहिली औषधं मी माझ्यासाठी घेतली. ही तुझ्यासाठी घेऊ का?" मी म्हटलं, "हो. माझ्यासाठी घे." तू खिडकीतून पर्वतीकडे बघितलंस आणि म्हणालीस, "चहा टाक, छोटी." मी चहा टाकला. तुझं उत्तर मला कळलं होतं, आणि ते मला मान्य नव्हतं, आजही नाही. कदाचित थोडे महिने मिळाले असते. कदाचित ते ओकाऱ्यांत गेले असते. तू शेवटचे रविवार विहारात काढलेस, खुर्चीवर बसून, हे मला दिसतं. तरी राग आहे. तो मी सोडणार नाही, तुझ्याशी भांडायला माझ्याकडे आता तेवढंच राहिलंय.

तर रविवारी मी वायर उपटली. गाणं मध्येच तुटलं. दादा म्हणाले, "हे काय? लोकांना तिचा खरा आवाज ऐकायचाय."

मी म्हटलं, "ऐकवते ना. थांबा."

म्हटलं खरं, आणि मग कळलं की मी काय बोलून बसले. मी! जिला बापाने गाऊ नकोस म्हणून सांगितलं. मी बाबांकडे बघितलं. ते भिंतीला टेकून बसले होते, तू गेल्यापासून बसतात तसे, कुठेच न बघता. ते उठले. शेजारच्या खोलीत गाण्याच्या कार्यक्रमांसाठी विहाराची जुनी पेटी असते, ती स्वतः उचलून आणली. दाजी धावले, त्यांना हात लावू दिला नाही. आयुष्यात वंदनेला त्यांनी कधी पेटी घेतली नव्हती. मूर्तीसमोर बसून त्यांनी भाता उघडला आणि एकच पट्टी दाबून धरली. पांढरी तीन.

मी सुरू केलं. जे निघालं ते ऐकून तुझा फोटोही हसला असेल. कुठेतरी वरच चिरकलं, सूर कुठे आणि मी कुठे. मागे कोणीतरी खाकरलं. दादांनी परत मोबाइल हातात घेतला. मला वाटलं, संपलं, हरले मी, ताईचं सगळं मीच घालवलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून शेवंताकाकू म्हणाल्या, "खाली ये, पोरी."

मी खाली आले. "आणखी," त्या म्हणाल्या. मी आणखी उतरले. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. "अजून थोडी. तिची तिथे आहे." आणि मला वाट दाखवायला त्यांनीच सूर लावला, तोच, जो बायकांना जमत नाही असं त्या म्हणाल्या होत्या. त्यांच्या मागून सगळ्या बायका आल्या, रांगेमागून रांग. मग पुरुष आले, मग दाजी, आणि बऱ्याच उशिरा, मोबाइल खिशात घालून, तुझे दीर.

त्या दिवशी लॅबमध्ये तू विचारलंस यातला आवाज कुठला, आणि मी काचेवर बाण ठेवून सांगितलं, हा. तेवढं उत्तर बदलते, ताई. तो तिथे नव्हताच. तो रविवारी विहारात होता, दीड-दोनशे माणसांच्या तोंडात, आणि त्यात एक मी होते.

बाबांनी शेवटपर्यंत बोट हलवलं नाही. या वेळी पेटी जागेवर राहिली आणि खाली आम्ही आलो.